पहिले तीन महिने

बाळाचे डोके बाहेर आले आहे, पण पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे, अडकला आहे. अशा वेळी हाताशी मोजकीच मिनिटे असतात. त्या घाईत डोके एका बाजूला जास्त ओढले गेले, तर मान आणि खांदा एकमेकांपासून दूर ताणले जातात आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससला, इजा होऊ शकते. साधारणपणे दर १००० जन्मांमागे एक-दोन बाळांमध्ये ही इजा आढळते.

बाळ चार किलोहून जड असणे, आईला मधुमेह असणे, बाळाला बाहेर काढण्यासाठी चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम वापरावा लागणे यांमुळे धोका वाढतो. तरीही सर्वसाधारण वजनाच्या कितीतरी बाळांचा खांदा अडकतो, आणि क्वचित सिझेरियननंतरही हात लुळा आढळतो. त्यामुळे प्रत्येक वेळी कुणाची तरी चूक शोधत बसणे आईवर आणि प्रसूती करणाऱ्यांवरही अन्यायाचे आहे. आगाऊ अंदाज बांधणे अवघड असले, तरी सराव मात्र करता येतो. आईच्या मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडणे, मदतनिसाने जघनास्थीच्या वर दाब देणे, गरज पडल्यास बाळाचा मागचा हात आधी सोडवणे, ही कौशल्ये प्रसूतिगृहातील प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असायला हवीत.

आता तपासणी पाहू. डॉक्टर बाळाचे डोके तळहातावर घेऊन किंचित खाली सोडतात. बाळ दचकते, एक हात झटकन पसरतो आणि परत छातीकडे येतो. दुसरा अंगालगत तसाच राहतो. त्याचा खांदा आत वळलेला आहे, कोपर सरळ आहे, मनगट दुमडलेले आहे, पण तळहातात बोट ठेवताच मूठ घट्ट मिटते. जाळ्याचा वरचा भाग दुखावल्याची ही खूण आहे. मूठही मिटत नसेल आणि त्याच बाजूची पापणी खाली झुकलेली, बाहुली लहान दिसत असेल, तर इजा जाळ्याच्या खालच्या मुळांपर्यंत, म्हणजे मज्जारज्जूतून निघणाऱ्या खालच्या मज्जातंतूंपर्यंत, पोहोचलेली असते. श्वास जलद वाटत असेल, तर श्वासपटलाचा मज्जातंतू तपासावा लागतो, आणि कॉलरबोन मोडलेले नाही ना, हेही पाहावे लागते. चिमट्याच्या दाबाने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, तेव्हा ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारते.

मज्जातंतूंच्या जाळ्याच्या वरच्या भागाला होणाऱ्या इजेला एर्ब पाल्सी म्हणतात. जन्मावेळच्या अशा इजेचे इतिहासातले ओळखीचे उदाहरण म्हणजे जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म: तो १८५९ मध्ये पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात जन्मभर आखूड व अधू राहिला.

बहुतेक बाळांमध्ये मज्जातंतू केवळ ताणलेला असतो आणि तो सावरतो. काहींमध्ये तो तुटलेला असतो, किंवा मज्जारज्जूपासून मुळासकट उपटलेला असतो; असे उपटलेले मूळ आपणहून जुळत नाही. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो आणि दीर्घकाळ संदेश न मिळालेला स्नायू हळूहळू तो स्वीकारण्याची क्षमता गमावतो. म्हणूनच “वाढत्या वयात होईल बरे” हा धीर, कितीही मायेने दिलेला असला, तरी धोक्याचा ठरू शकतो. सांधे आखडू नयेत म्हणून पालकांना हलक्या हालचाली शिकवाव्यात आणि बाळाला दर महिन्याला तपासावे. तिसऱ्या महिन्याअखेर कोपर स्वतःच्या बळावर वाकत नसेल, तर या विषयातील शल्यचिकित्सकांकडे पाठवण्यात दिरंगाई करू नये.

गरज असल्यास साधारणपणे तिसऱ्या ते नवव्या महिन्यादरम्यान शस्त्रक्रिया केली जाते. तीत पोटरीमागून जाणाऱ्या, संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचे तुकडे घेऊन तुटलेली टोके जोडतात. त्यानंतरही हालचाल दिसायला अनेक महिने लागतात, आणि खांद्याचा सांधा जागेवर आहे ना, याची तपासणी मूल वाढत असेपर्यंत चालू ठेवावी लागते.