हरिहरेश्वरची प्रदक्षिणा : निघण्याआधी तिथी विचारा

नमस्कार मंडळी. मी आत्ता हरिहरेश्वरला आहे, रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. देवळामागच्या टेकडीवर झाडीत उभा आहे. इथून पुढे पायऱ्या खाली उतरतात, दोन काळ्या कातळभिंतींच्या मधल्या अरुंद फटीतून थेट समुद्राशी. ही देवाची प्रदक्षिणेची वाट. अंतर म्हणाल तर थांबत थांबत गेलात तरी तासाभरात पुन्हा देवळापाशी याल. चढ थोडासाच, पायऱ्या बांधलेल्या. गुडघे ठणठणीत असलेले आजी-आजोबाही ही वाट आरामात करतात.

आणि तरीही या सोप्या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत. ती का, आणि आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, तेवढंच आज सांगायचंय.

[कॅमेरा खाली, कातळाच्या फरशीकडे]

खाली तो सपाट कातळ दिसतोय? आपली वाट त्याच्यावरून जाते. हा आपला दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटत राहतात, पायथा आतून पोखरला जातो, वरचा भाग आधार सुटून कोसळतो आणि कडा थोडा मागे सरकतो. असं हजारो वर्षं चाललं, की मागे सरकलेल्या कड्याच्या पुढ्यात एक फरशी उरते. ती फरशी समुद्राने कापलेली आहे आणि भरतीला तो तिच्यावर परत येतो. म्हणजे ज्याला आपण वाट म्हणतो, तो दिवसातून दोनदा समुद्र असतो. त्यात एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उभा कडा. मधेच पाणी वाढलं तर वर चढायला जागा नाही.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. दर्शन झालं, प्रसाद झाला, अकराच्या सुमारास आम्ही खाली उतरलो. निम्म्या वाटेत पाणी घोट्याला लागलं. पुढे वळणावर लाट कड्याला भिडताना दिसली आणि आम्ही मुलांना कडेवर घेऊन आलो तसे मागे फिरलो. वर पोचलो तेव्हा पाय थरथरत होते. संध्याकाळी खाणावळीतल्या काकूंना हे सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "निघताना तिथी नाही बघितलीत?"

त्यांनी शिकवलेला हिशेब असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आमच्या त्या दिवशी प्रतिपदा होती. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती, आणि आम्ही अकराला उतरलो होतो!

हा हिशेब जमतो, कारण तिथी चंद्रावर चालते आणि भरतीही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं. अगदी घड्याळी अचूक नाही, पण आपली वेळ चांगली की वाईट, ते नक्की कळतं. जोडीला भरतीचं कोष्टक बघा आणि गावातल्या माणसाला विचारा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं, म्हणजे पाणी मागे जात असताना. ओहोटी होऊन गेल्यावर उतरू नका.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी फार वर येतं आणि ओहोटीला फार लांबही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. पावसाळ्यात मात्र हा हिशेब विसरा. तेव्हा ओहोटीलाही मोठ्या लाटा कातळावर येतात. जून ते सप्टेंबर ही वाट करूच नका, वरून दर्शन घ्या.

योग्य वेळी उतरलात, तर मग घाई करू नका. फटीतून बाहेर आलात की डाव्या-उजव्या कातळाला हात लावा. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल. ती मिठाने कोरली आहे. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि दगडाचा कण न् कण ढकलून पाडतात. एकदा खळगा झाला की त्यात सावली आणि ओल टिकते, म्हणून तो आणखी खोल जातो. मला या वाटेवरचं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. पुढे गायत्रीतीर्थ, चक्रतीर्थ, विष्णुपद लागतात. डबक्यांत खेकडे दिसतील, कालवं चिकटलेली दिसतील, त्यांना सोडवू नका. त्यांच्या कडा धारदार असतात, पायात पकड असलेलं काहीतरी घाला. हिरवं शेवाळ दिसलं तर त्यावर पाय नकोच. आणि फोटोसाठी लाटेकडे पाठ करून उभं राहू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

[कॅमेरा पुन्हा चेहऱ्यावर]

आज षष्ठी आहे. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाच्या आसपास. आत्ता वाजलेत साडेनऊ. खालची फरशी ओली आहे, पण पाणी मागे चाललंय. मघाशी पायऱ्यांपाशी एका मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, "जावा, आत्ताच जावा." चला, उतरूया.