आठ मेची रात्र

(पडद्यावर: एका जुन्या कॅसेटचं कागदी वेष्टन, अगदी जवळून.)

निळ्या शाईतलं बारीक अक्षर. ८ मे १९७७, बार्टन हॉल, इथाका. खाली ग्रेटफुल डेडच्या गाण्यांची यादी आणि कोपऱ्यात एक आकडा, ३. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणापासूनची ही तिसरी प्रत. प्रतीवरून प्रत काढली की खरखर वाढायची, म्हणून रसिक हा आकडा इमानानं लिहायचे. या देवाणघेवाणीत पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक होता. कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवला की मैफल घरी यायची.

ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियाचा रॉक बँड. १९६५ ते १९९५ या काळात त्यांनी दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले. गाणी आणि त्यांचा क्रम रोज बदलायचा. कालचं गाणं आज कुठे वळण घेईल, हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. त्यांचे चाहते म्हणजे डेडहेड्स. गावोगाव बँडच्या मागे फिरणारी ही माणसं. १९८४ पासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना बँडनं प्रेक्षकांत वेगळी जागाच दिली.

इतका जीव लावलेला माणूस आपल्या बँडची रात्र निःपक्षपातीपणे तोलू शकतो का?

छे, प्रेम आंधळं असतं, असं लोक पटकन म्हणून टाकतात. मला ते पटत नाही.

(पडद्यावर: पिरॅमिड, संध्याकाळ.)

सप्टेंबर १९७८. इजिप्तमध्ये गिझा इथे स्फिंक्सच्या पायथ्याशी ग्रेटफुल डेडचे तीन कार्यक्रम झाले. शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. भारावून जायला याहून जास्त काय हवं? पण ड्रमर बिल क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं होतं, तो एकाच हातानं वाजवत होता. पियानोही सुरात नव्हता. डेडहेड्सनी या रात्री ऐकल्या आणि सरळ सांगितलं, जागा अद्भुत होती, वाजवणं बेताचं. १९६९ च्या वूडस्टॉक महोत्सवाचंही तसंच. पावसानं ओल्या झालेल्या मंचावर गिटारला हात लावला की विजेचा झटका बसत होता. तो कार्यक्रम फसला, हे बँडनं मान्य केलं आणि चाहत्यांनीही. अखेरच्या वर्षांत बँडचा गायक-गिटारवादक जेरी गार्सिया शब्द विसरायला लागला, तेव्हाही हे सगळ्यात आधी हळहळत बोलले ते त्याचे भक्तच.

कारण मोजायला माप लागतं, आणि ते त्यांच्याकडेच होतं. एका रात्रीपुरता आलेला समीक्षक कशाशी तुलना करणार? पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षं येणारा श्रोता ‘आज बुवांचा आवाज लागला नाही’ म्हणतो, तेव्हा त्या वाक्यामागे किती रात्रींचं ऐकणं असतं! त्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तरीही हा कान फसतो. तो कुठे फसतो, ते पाहायला इथाकाला परत जावं लागतं.

(पडद्यावर: बार्टन हॉल, आतून.)

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातला हा प्रचंड हॉल लष्करी कवायतीसाठी बांधलेला. त्या रविवारी तो विद्यार्थ्यांनी खच्चून भरला होता. मध्यंतरानंतर पुढची मुलं चेंगरायला लागली, तेव्हा बँडच्या गिटारवादक बॉब वीअरला माइकवरून सगळ्यांना एकेक पाऊल मागे घ्यायला सांगावं लागलं. मग ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरणारी ती पंचवीसेक मिनिटं. जोड कुठे लागला ते कळत नाही. कार्यक्रम सुटला तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं, ऐन मे महिन्यात.

चाहत्यांनी पुढे या रात्रीला सर्वोत्तम ठरवलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तिचं ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडलं. पण चाहत्यांनी ऐकलं काय? ही टेप बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेली आहे. माइकच्या तारांमधून थेट घेतलेला, नितळ, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येईल असा आवाज. त्यात हॉलचा घुमारा नाही, चेंगराचेंगरी नाही. बेटींच्या टेपा एका भाड्याच्या गोदामात पडून होत्या. भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. मग त्या दुरुस्त होऊन प्रती पसरल्या. खरखरीला सरावलेल्या कानांवर एकदम असा स्वच्छ सूर पडला. डेडहेड्स तेव्हापासून आपसात भांडतायत, आपण त्या रात्रीच्या प्रेमात पडलो की त्या टेपच्या?

मी स्वतः ७ मेचं बॉस्टन, ८ मेचं इथाका आणि ९ मेचं बफेलो एकापाठोपाठ ऐकलं. मला बफेलो जास्त भिडलं. तिथलं ‘कम्स अ टाइम’ गाताना गार्सियाच्या आवाजात जे कातर काही येतं, ते इथाकात मला सापडलं नाही. पण आदल्या रात्रीची एवढी ख्याती ऐकून मी हट्टानं तर बफेलोकडे झुकलो नाही? हा संशय माझ्या मनातून जात नाही.

(पडद्यावर: तीन कॅसेटी. तिन्हींवरची अक्षरं झाकलेली.)

आता यांतली एक लावतो. तारीख सांगत नाही. ऐका.