दोन माणसाळलेले हत्ती

नमस्कार श्रोतेहो.

फोर्टमध्ये नौदलाच्या गोदीचं लायन गेट आहे, त्याच्या समोर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग नावाची एक जुनी इमारत उभी आहे. बसमधून जाताना मुद्दाम मान वळवली तरच नजरेत भरते. ओव्हल मैदानासमोरचं आपलं उच्च न्यायालय १८७८ साली बांधून झालं. त्याआधी मुंबईचं कोर्ट इथे भरायचं. मी नवीन वकिली करत होतो तेव्हा माझ्या सीनियरनी मला या इमारतीसमोर आणून फुटपाथवर उभ्या उभ्या एक हकीकत सांगितली होती.

साल १८२८. पेशवाई बुडून दहा वर्षं झालेली. मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पुण्यात त्याच्या आजोबांनी अडकवून ठेवलंय, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आली. तेव्हा इथल्या कोर्टाचं नावच ते होतं. कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला: मुलाला आमच्यासमोर आणा. आजोबा पांडुरंग रामचंद्र पेशव्यांच्या नात्यातले, आणि कंपनी सरकारला अशी बडी घराणी दुखवायची नव्हती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हुकूम बजावायला मदत केली नाही. उलट असले हुकूम काढू नका, असं पत्र थेट न्यायाधीशांनाच धाडलं. त्याच वर्षी तीनपैकी दोन न्यायाधीश वारले. मागे उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. कोर्टाचा हुकूम सरकारच मानणार नसेल तर कोर्ट भरवायचं तरी कशाला, म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्ट बंद केलं.

पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने ठरवलं, की मुंबई शहराबाहेर असा हुकूम काढण्याचा अधिकार या कोर्टाला नाही. कायद्यात ग्रँट हरले, हे मान्यच करायला हवं. पण माझ्या सीनियरांना सांगायची होती ती गोष्ट वेगळीच. लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणारे लॉर्ड एलनबरो यांनी माल्कमना खाजगी पत्र लिहिलं. मुंबईला दोन नवे न्यायाधीश येत आहेत, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधोमध चालवलेला रानहत्ती, असं त्यात होतं. पत्र फुटलं, वर्तमानपत्रांत छापून आलं, मोठा गहजब झाला. पण नेमणुका व्हायच्या त्या झाल्याच.

ग्रँटना कुणी दमदाटी केली नव्हती. त्यांच्या शेजारी कोण बसणार, एवढंच वरून ठरलं होतं.

श्रोतेहो, कोर्टावर राजकीय दबाव म्हटलं की आपल्या मनात रात्रीचा फोन आणि गुपचूप भेट येते. तसंही होत असेल. पण इतकी वर्षं या पेशात काढल्यावर मी सांगतो, खरा दबाव फाईलमधून येतो. आपल्या घटनाकारांनी न्यायाधीशाला काढून टाकणं फार अवघड करून ठेवलंय. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. त्याचा पगारही दरवर्षी सभागृहाच्या मतांवर टांगलेला नसतो. म्हणून मग वाटा राहतात त्या नेमणुकीच्या, कायम करण्याच्या, बदलीच्या आणि बढतीच्या.

१९७३चा एप्रिल आठवा. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ तारखेला लागला. तेरा न्यायाधीशांचं पीठ, आणि सात विरुद्ध सहा असा निसटता निकाल: संसदेला घटना बदलता येईल, तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. ही बाजू लढवणारे नानी पालखीवाला आपल्या मुंबईचे. दुसऱ्याच दिवशी कळलं, की शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय सरन्यायाधीश होणार. तिघांनीही सरकारविरुद्ध निकाल दिलेला होता. तिघांनीही राजीनामे दिले.

आणीबाणीत तर हे उघडच झालं. मुंबईच्या वकिलांनी १९७५च्या ऑक्टोबरात नागरी स्वातंत्र्यावर एक सभा ठरवली होती. बंद सभागृहात, निमंत्रितांची. पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली नाही. वकील कोर्टात गेले आणि आपल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती तुळजापूरकरांच्या खंडपीठाने तो मनाई हुकूम रद्द केला. त्या दिवसांत हे करायला काय लागलं असेल, हे आज घरात बसून नीट समजणार नाही. पुढच्या वर्षी देशभरातल्या सोळा उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयातले अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते नेमलेले, न्यायाधीश यू. आर. ललित यांना कायमच केलं गेलं नाही. त्यांचे चिरंजीव उदय ललित २०२२ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, आणि ते पाहायला वडील हयात होते, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण एक सल आहे, आणि मराठी माणूस म्हणून ती मी लपवणार नाही. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं, असं देशातली नऊ उच्च न्यायालयं सांगत होती, त्यात आपलंही होतं. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरवलं. त्या चारांत पुण्यात वाढलेले, मुंबईत नाव कमावलेले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले. वैयक्तिक वैरातून पोलिसाने कुणाचा जीव घेतला तरी काही दाद नाही का, असं त्यांनी सुनावणीत विचारलं होतं. आणीबाणी आहे तोवर नाही, असं ॲटर्नी जनरलनी उत्तर दिलं होतं. जानेवारी १९७७मध्ये खन्नांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना घरी गेले. तो १९७६चा निकाल चुकीचा होता, असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं. लिहिणारे हात धनंजय चंद्रचूडांचे, यशवंतरावांच्या मुलाचे. चाळीसहून जास्त वर्षं लागली.

आता नावं कॉलेजियम सुचवतं, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशच. पण फाईल सरकारकडे जातेच. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२मध्ये पाठवलं. त्यांनी सोशल मीडियावर मतं मांडली आहेत, असा सरकारचा आक्षेप आला. मत मांडलं म्हणून माणूस अपात्र होत नाही, असं सांगून कॉलेजियमने जानेवारी २०२३मध्ये नाव परत पाठवलं. नेमणूक झाली त्या नोव्हेंबरात. न्यायमूर्ती अकील कुरेशी २०१९ साली आपल्याच उच्च न्यायालयात होते. त्यांना मध्य प्रदेशचं मुख्य न्यायाधीशपद द्यावं ही मूळ शिफारस, आणि अखेर पाठवलं त्रिपुराला. इथे कॉलेजियमनेच आपली शिफारस बदलली. दाराआड चालणाऱ्या त्या कारभारावर टीका होते ती मला रास्त वाटते. पण त्यावर उपाय म्हणून सगळी सूत्रं सरकारच्या हाती द्यावीत, हे मला पटत नाही. उच्च न्यायालयात सर्वांत जास्त वेळा प्रतिवादी म्हणून उभं राहतं ते सरकारच.

एक पाहिलेला प्रसंग सांगून थांबतो. उपनगरातल्या एका बाईंचा मुलगा. साध्या कपड्यांतले पोलीस त्याला घेऊन गेले, तीन दिवस पत्ता नाही. हेबिअस कॉर्पसची याचिका रात्री बसून टाईप केली, सकाळी मेन्शन केली, म्हणजे तातडीची आहे असं कोर्टाला सांगितलं, लगेच सुनावणीला लागली. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. धाकटे न्यायमूर्ती ॲडिशनल, म्हणजे अतिरिक्त होते आणि त्यांना कायम करण्याची फाईल तेव्हा वर गेलेली होती. वकीलवर्गात ज्याला त्याला हे ठाऊक होतं, सरकारी वकिलांनाही. सरकारी वकील म्हणाले, इन्स्ट्रक्शन्स घ्यायला पुढच्या आठवड्याची तारीख द्या. धाकटे न्यायमूर्ती कागदावरून वर न बघता म्हणाले, "तारखेचं नंतर बघू. मुलगा आत्ता कुठे आहे?" उत्तर आलं नाही. "अडीच वाजता सांगा. अधिकाऱ्यांना घेऊन या."

अडीचला अधिकारी आले. संध्याकाळी सातच्या आत मुलगा घरी होता.

दोनएक महिन्यांनी त्या न्यायमूर्तींना कायम केल्याची बातमी आली. मी बाईंना फोन करून सांगितलं. त्यांना काही उमगेना. अतिरिक्त म्हणजे काय, कायम म्हणजे काय, फाईल कुठे जाते, सगळं समजावलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी, साहेब, त्यांचीपण केस चालू होती?"

मी हो म्हणालो.