सायन्स शो फुकट आहे, पण पैसे कोणाचे?

ब्रिटनमधल्या शाळेचा हॉल डोळ्यासमोर आणा. दहा ते तेरा वर्षांची पोरं खाली बसलीत, समोर सायन्सचा शो चालू, प्रयोग, क्विझ, नुसता कल्ला. असा रोड शो तिथे २००५पासून शाळाशाळांत फिरत आलाय. आणतं कोण? बीएई सिस्टिम्स, सोबत रॉयल एअर फोर्स आणि रॉयल नेव्ही.

बीएई म्हणजे ब्रिटनमधली सगळ्यात मोठी शस्त्रास्त्र कंपनी. आपल्या हवाई दलातले नवे फायटर पायलट ज्या हॉक विमानावर शिकतात ते मूळ यांचंच, आपली सरकारी कंपनी एचएएल ते लायसन्सवर बनवते. मिसाईल बनवणाऱ्या एमबीडीएमध्ये यांचे ३७.५ टक्के, टायफून फायटरमध्येही मोठा वाटा. तीच टायफून सौदी अरेबियाने विकत घेतली आणि येमेनच्या युद्धात वापरली.

आता पोरांना शोमध्ये यातलं काय सांगतात? विमान कसं उडतं ते. ते कुठे जाऊन काय करतं, हा चॅप्टर सिलॅबसच्या बाहेर.

९ ऑगस्ट २०१८. येमेनमधलं दहयान गाव. सहलीला निघालेल्या पोरांच्या बसवर सौदी आघाडीच्या विमानाने बॉम्ब टाकला आणि ४० मुलं गेली. बॉम्बच्या तुकड्यांवरच्या नंबरांवरून तज्ज्ञांनी काढलं की तो अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिनचा होता. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, हीच लॉकहीड मार्टिनसुद्धा शाळकरी पोरांच्या सायन्स कार्यक्रमांना पैसे देत आलीये.

कंपन्यांचं म्हणणं असतं की देशात इंजिनिअर कमी पडतायत, आम्ही पोरांना गोडी लावतो, त्यात वाईट काय? मुद्दा अगदीच खोटा नाहीये. पण इंजिनिअर पवनचक्क्यांना लागतात, हॉस्पिटलच्या मशीनला लागतात, रेल्वेला लागतात, मग शाळेच्या दारात सगळ्यात आधी शस्त्रवालेच का पोचतात? कारण त्यांच्याकडे पैसा आहे आणि शाळेकडे नाही, बस. आणि सरांनी तरी काय करावं, फुकट आलेला चांगला कार्यक्रम कोण नाकारणार?

तरी तिथे विरोध करणारे आहेत, आणि त्यात शास्त्रज्ञ पण आहेत. सायंटिस्ट्स फॉर ग्लोबल रिस्पॉन्सिबिलिटी ही १९९२ची संघटना, तिचं म्हणणं असं की मुलांच्या विज्ञान शिक्षणात शस्त्र कंपन्यांचा पैसा नको आणि तेल कंपन्यांचाही नको. कॅम्पेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड ही शस्त्रविक्रीविरोधी संघटना तर १९७४पासून लढतेय. सौदीला शस्त्रं विकायच्या परवान्यांवरून तिने सरकारला कोर्टात खेचलं आणि जून २०१९मध्ये अपील कोर्टात जिंकली पण. शिवाय इंग्लंडचा १९९६चा शिक्षण कायदाच सांगतो की राजकीय वादाचा विषय शाळेत आला तर दोन्ही बाजू मांडा. मग जेटचं कौतुक एका बाजूला, तर येमेन दुसऱ्या बाजूला यायला नको?

कधीकधी दबाव चालतो. २०१८मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसल-गेट्सहेडला ग्रेट एक्झिबिशन ऑफ द नॉर्थ हे मोठं प्रदर्शन भरणार होतं, बीएई मोठ्या स्पॉन्सरपैकी एक. लोकांनी पिटिशन काढलं, गायिका नदीन शाहसारख्या कलाकारांनी अंग काढून घेतलं, आणि मार्चमध्ये बीएई स्पॉन्सरशिपमधून बाहेर. बातमी झाली, लोक खूश. पण ते प्रदर्शन एका उन्हाळ्यापुरतं होतं आणि तिथे आवाज उठवायला गाजलेले कलाकार होते. रोड शो शाळेच्या हॉलमध्ये होतो, तिथे कोण अंग काढून घेणार, पाचवीतली पोरं?