खुराकाची वेळ

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या या तालमीत पहाटे पाचला दिवा लागतो आणि हौदातली लाल माती खोऱ्याने वरखाली केली जाते. हळद, ताक, तेल आणि लिंबाचा रस मुरल्यामुळे ती हाताला मऊ, ओलसर लागते. जोर, बैठका आणि मग जोडीदारांबरोबर लढती, अशी साडेतीन तासांची मेहनत हा मल्ल अनशापोटी करतो. त्यात नवे काही नाही, कारण त्याच्या वस्तादांनीही तशीच केली होती. नवे आहे ते पुढचे वेळापत्रक: साडेनऊला पहिला खुराक, साडेपाचला शेवटचे जेवण आणि त्यानंतर सोळा तास पाण्याखेरीज काही नाही.

रात्रभर भिजलेल्या बदामांची साल बोटांच्या चिमटीत अलगद सुटते. मग ते बदाम खसखस, बडीशेप आणि मिरीसह दगडी कुंडीत घोटले जातात, दांडा एका लयीत फिरत राहतो आणि वाटण लोण्यासारखे झाल्यावरच त्यात दूध पडते. एकादशीच्या उपवासाशी या उपवासाची गल्लत करू नये. येथे खाण्याचे तास कमी होतात, खुराक फारसा कमी होत नाही.

गादीवरच्या कुस्तीत त्याला ६५ किलोच्या गटात उतरायचे आहे आणि सुरुवातीला काटा ६९ दाखवत होता. हे चार किलो आठ आठवड्यांत उतरवायचे ठरले. घाईने तोडलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते, कारण स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत दुहेरी पट काढण्यासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय धरून त्याला पाडण्यासाठी, जो झटका लागतो, तो वारंवार देण्याचे बळ याच साठ्यातून येते. म्हणूनच वस्तादांनी उपवासाचे तास किती यापेक्षा ते दिवसात कुठे बसतात याकडे अधिक लक्ष दिले. संध्याकाळची मेहनत पूर्वी चारला सुरू होऊन सातला संपे, म्हणजे साडेपाचनंतर अन्न बंद केल्यास थकलेले शरीर रात्रभर रिकामे राहिले असते. ती मेहनत त्यांनी तीनवर आणली आणि पावणेपाचला संपवली. वेळापत्रकातला हा एवढा बदल आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

रमजानचे रोजे धरणाऱ्या ज्युदोपटूंच्या चाचण्यांत एकेका उडीची ताकद टिकली, परंतु सलग तीस सेकंद उड्या मारण्याची क्षमता किंचित घटली आणि थकवा वाढला. अर्थात रोज्यात दिवसभर पाणीही वर्ज्य असते. पाणी तोडून वजन उतरवण्याच्या नादात १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अवघ्या १०० ग्रॅमपायी विनेश फोगाटची अंतिम लढत हुकली.

आठव्या आठवड्यातली ही सकाळ आहे. मल्ल लंगोटावर काट्यावर उभा राहतो, वस्ताद वाकून आकडा वाचतात: ६४ किलो ९०० ग्रॅम. कोपऱ्यात कुंडी धुऊन ठेवलेली आहे आणि साडेनऊ वाजायला अजून तासभर अवकाश आहे.