कालवांच्या मरणाची नोंद

आजारी कालव ओळखायची ठळक खूण एक. बोट लावलं तरी त्याचा शिंपला मिटत नाही. मुंबईच्या उबदार पाण्यात पुढचं सगळं झपाट्यानं होतं. मांस कुजतं, उरलेलं खेकडे खातात, दोन दिवसांनी हाती लागतात ते रिकामे शिंपले, आणि त्यांवरून कालव कशानं मेलं हे कुठल्याही प्रयोगशाळेला सांगता येत नाही. म्हणून वर्सोवा, खार दांडा, मढच्या खडकांवर कालवं फोडायला जाणाऱ्या बायांना मी कालवांच्या रोगांवर नजर ठेवण्याच्या कामातल्या पहिल्या निरीक्षक मानते.

फ्रान्समध्ये १९७० च्या आसपास पोर्तुगीज कालवं एका विषाणूनं जवळजवळ संपली. त्यांच्या जागी पॅसिफिक कालव आणलं. २००८ च्या उन्हाळ्यात त्याचीही पिल्लं पटापट मरू लागली, काही ठिकाणी शंभरातली ऐंशीहून अधिक. कारण होतं कालवांच्या हर्पिस विषाणूचा नवा प्रकार. २०१० मध्ये तो न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात दिसला, २०१६ मध्ये टास्मानियात. माणसाला तो होत नाही, हे आधीच सांगते. बाजारात उगीच घबराट नको. पण कालवाच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी, तो लक्षात ठेवणारी प्रथिनं) तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाची लस त्याला देता येत नाही. टिकणारी जात निवडून वाढवायची आणि साथ लवकर ओळखायची, एवढंच हाती उरतं.

फ्रान्समध्ये पाणी १६ अंशांच्या वर गेलं की मरतूक सुरू होते. आपला समुद्र बारा महिने त्याहून गरम, म्हणजे थंडीचा आडोसा आपल्याला नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं आणि कालवं त्यानंही मरतात, सांडपाण्यानंही मरतात. मग जुलैत खडकावर उघडे शिंपले दिसले तर दोष कोणाला द्यायचा? निरोगी वर्षांत किती मरतात याची नोंद असेल तरच उत्तर मिळेल. साथ नसताना केलेली ही कंटाळवाणी मोजणी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिलाच पैसा मिळत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

किती कालवं तपासायची? शंभरात दोनच बाधित असतील, तर त्यांतलं एक तरी सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे १५० लागतात. शंभरात दहा बाधित असतील तर तीसेक पुरतात. आणि पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग सिद्ध झाला, असं नाही. कालव तासाला कित्येक लिटर पाणी गाळतं. पाण्यातले विषाणूचे अवशेषही त्याच्या कल्ल्यांत सापडू शकतात. मांसाचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली इजा पाहावीच लागते.

साथ वेळेत ओळखली नाही तर काय होतं, हे कोळंबीनं आपल्याला शिकवलंय. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९४ मध्ये भारतात आला आणि तळीच्या तळी रिकामी झाली. जलचरांच्या रोगांवर देशभर पाळत ठेवणारा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहेच.

तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडतील, तेव्हा मिटत नसलेली पण अजून मांस असलेली कालवं वेगळ्या पिशवीत घ्या. बर्फावर ठेवा, पण गोठवू नका. गोठली की पेशी फुटतात आणि छेद वाया जातो. जागा, तारीख आणि वेळ लिहा. तुलनेसाठी शेजारची धडधाकट कालवंही तेवढीच घ्या.