झाडीचा प्लॉट घेताय? आधी 'इतर हक्क' वाचा

नमस्कार मंडळी! शहापूर, मुरबाड, कर्जतकडे झाडीचा प्लॉट घ्यायचा म्हणून आमच्या मुलुंडमधली तीन-चार कुटुंबं माझ्याकडे कागद घेऊन आली. सगळ्यांना एकच सांगितलेलं: साग आहे, पुढे लाकूड विकाल, ओढा आहे, शनिवार-रविवार मुलं खेळतील, आणि घर तर बांधालच.

हा बघा सातबारा. बहुतेक जण मालकाचं नाव बघतात आणि कागद मिटतात. तुम्ही आधी त्यातला 'इतर हक्क' हा रकाना बघा. तिथे 'खाजगी वन' असं दिसलं, तर टोकनचा एक रुपयाही देऊ नका. 1975 च्या कायद्याने खाजगी वनं 30 ऑगस्ट 1975 पासून सरकारजमा झाली. मुलुंडकरांनी हे भोगलंय. 1950 च्या दशकातल्या सरकारी नोटिशींमुळे राहत्या इमारतींच्या जमिनी वन म्हणून नोंदल्या गेल्या, आणि सुप्रीम कोर्टाचा दिलासा मिळाला तो थेट 2014 साली. म्हणून 'इतर हक्क' कोरा दिसला तरी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढाच. कंटाळा येतो, पण पुंजी तुमची आहे.

आता साग. गेल्या महिन्यात एका प्लॉटवर तोडलेला बुंधा पाहिला. वीतभर रुंद, पण मधला तपकिरी गाभा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा; बाकी सगळं पांढरं लाकूड, वाळवीचं खाद्य. चौकटीला लागतो तो गाभा, आणि तो भरायला दशकं जातात. शिवाय झाड तुमच्या जमिनीत असलं तरी साग, ऐन, किंजळ, खैर, अगदी आंबा-फणससुद्धा 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही.

घराचं थोडक्यात सांगते. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी घालणारं कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. 'बिगरशेती होईल' हे तोंडी ऐकू नका, आदेशाची प्रत मागा.

राहिला ओढा. मला विचाराल तर या जमिनीचं खरं सुख तेवढंच, आणि त्यासाठी एकही झाड पाडावं लागत नाही. फक्त प्लॉट दोनदा बघून या. मे महिन्यात, ओढ्याला पाणी उरतं का ते बघायला. आणि जुलैत, गाडी तिथवर पोचते का ते बघायला.